रेघेचा दगड

मित्रांनो, मी काळ्या पाषाणाचा एक जुना दगड आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरजवळच्या एका गावात, खालपुऱ्याच्या नाल्याकाठी मी उभा आहे. माझ्या अंगावर एक आडवी शेंदरी रेघ आहे. तिच्यापायी मला मान मिळाला आणि तिच्याच पायी एक माणूस गेला. दगडाला काळीज नसतं म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म खाणीतला. वडारांनी मला पुलासाठी फोडून आणलं, पण पूल पुरा झाला आणि मी उरलो. कुणीतरी मला नाल्याच्या काठावर उभं पुरलं. बैलांनी मान घासावी आणि कुत्र्यांनी तंगडी वर करावी, एवढाच बरीच वर्षं माझा उपयोग होता.

मग तो मोठा पूर आला. उकंडराव तेव्हा तरणाबांड गडी होता. त्यानं मला दोर बांधला आणि त्या दोराला धरून खालपुऱ्यातली बायकापोरं बाहेर काढली. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी, माझ्या अंगावर ओल जिथवर चढली होती तिथं त्यानं टाकीनं रेघ कोरली. तेव्हापासून दर मिरगाला त्याची बायको सोजराबाई त्या रेघेत शेंदूर भरायची, दहीभाताचा घास ठेवायची आणि नाल्याला हात जोडून म्हणायची, "माय, याच्यावर येऊ नको वं!"

मी गावचा साक्षीदार झालो. भांडणात लोक माझी शपथ घेऊ लागले. मी फुगलो, खोटं कशाला सांगू?

पुढचं मात्र नीट ऐका. गावात माझ्या अंगाला लागून सिमेंटचा रस्ता आला. तो उखडला की जुना खोदून काढायचा आळस, म्हणून त्याच्यावरच नवा ओतायचा. निवडणूक आली की एक थर. मी खालून बुडत गेलो आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पूर्वी चौथीतल्या पोराचं डोकं माझ्या रेघेला टेकायचं. मग बालवाडीतल्या पोरांचं टेकू लागलं, आणि आया कौतुकानं म्हणायच्या, "पोरं उंच होऊन राह्यली!" सोजराबाईला घरात जायला आधी दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता उतराव्या लागू लागल्या. ती म्हणायची, "घर खचून राह्यलं." सगळा खालपुरा तेच म्हणायचा. रस्ता चढला असं कुणाच्या तोंडून आलं नाही, कारण रस्ता म्हणजे गावाची प्रगती, आणि प्रगतीला नाव कोण ठेवणार?

तोवर उकंडरावाला लकवा मारला होता. तो दाराशी खाटेवर पडून असायचा.

पावसाळ्यात घरोघर पाणी शिरू लागलं, तेव्हा पाणी वाहून न्यायला मोठी नाली बांधायचं ठरलं. अनुपमा नावाची इंजिनिअर आली. तिनं उतार मोजला, डोंगरातल्या पावसाचा हिशेब केला आणि माझ्या पायाशी भरलेल्या सभेत सांगितलं, "नाली छातीएवढी खोल लागेल, आणि रुंदही. दोन्ही बाजूंचे ओटे काढावे लागतील."

ओट्याचं नाव निघताच माणसं उठून उभी राहिली. माणिकराव मेंबरनं माझ्या डोक्यावर थाप मारली.

"एवढी खोल काऊन, मॅडम? सगळ्यात मोठ्या पुराची खूण हे राह्यली. गुडघ्याच्या वर पानी आलंच नाही आमच्याकडं."

"पावसाचा हिशेब वेगळं सांगतो, भाऊ," ती म्हणाली.

"कागद काय सांगते! उकंडभाऊ, तुम्हीच सांगा. पानी कधी रेघेच्या वर गेलं?"

खाटेसकट सभेला आणलेल्या उकंडरावानं मान उचलली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. "कधीच नाही. माह्या हातची रेघ हाय. तो दगड खोटं बोलत नाही."

त्याचा शब्द न् शब्द खरा होता. तेव्हा पाणी तुमच्या अंगाला कुठवर लागलं होतं, एवढंच त्याला कुणी विचारायचं होतं. रेघ डोळ्यांपुढं असली की आठवणीला कोण विचारतो? अनुपमा बरीच भांडली, पण हात वर झाले आणि गुडघाभर नाली मंजूर झाली. ओटे वाचले. मला हार घातला गेला.

श्रावणात एका दुपारी डोंगर काळा झाला. नाली बघता बघता भरली आणि पाणी रस्त्यावर पसरलं. सोजराबाई शेतात निंदायला गेली होती आणि उकंडराव घरात एकटाच होता. धावत येऊन ती वरच्या वळणावर थांबली. पाण्यातून जावं की नाही, तिला कळेना. माणसं गुडघाभर पाण्यात माझ्याशेजारी निवांत उभी होती.

"घाबरू नका, मावशी," माणिकराव ओरडला, "रेघ नाही बुडली अजून!"

ती तिथंच थांबून राहिली. मी आतल्या आत फुटत होतो. अरे, रस्त्यावर गुडघाभर आहे, पण घरं रस्त्याच्या खाली आहेत! दगडाचं कोण ऐकतं?

पाणी माझ्या रेघेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. वर बोटभरही गेलं नाही. ओसरू लागल्यावर सोजराबाई आपल्या दारात उतरली. आत खाट पाण्यावर तरंगत होती आणि उकंडराव खाटेवर नव्हता.

नंतर अनुपमानं माझ्याशेजारी खड्डा खणायला लावला. सिमेंटचे थर एकावर एक निघाले, अगदी भाकरीच्या चवडीसारखे. माझा गाडलेला देह उजेडात आला. सोजराबाई त्या खड्ड्यात उतरून माझ्यापुढं उभी राहिली. रेघ तिच्या गळ्याशी आली.

"घर नाही खचलं जी," ती माणिकरावाला म्हणाली. "आपनच रस्ता चढवला."

यंदाच्या मिरगाला माझ्या रेघेत शेंदूर नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, जुन्या खुणा जपा, पण त्यांना नुसता शेंदूर फासू नका. त्यांचे पायही मोकळे ठेवा. मी खोटं बोललो नव्हतो. माझे पाय तुम्ही गाडले होते.