हात वर म्हणजे श्वास

आमच्या कोंढ्याच्या भजन मंडळात गाणं उचलायची ती मी, उषा. पेटी सत्यभामाबाईची, टाळ बाकी बायाईचे, पण पहिली ओळ माही. मी म्हणल्याबिगर कोणाचं तोंड उघडत नव्हतं. धानाच्या रोवण्यातही तसंच. चिखलात वाकल्या वाकल्या मी सूर धरायची अन् पूर्ण बांधीतल्या बाया मागून गायच्या.

मागच्या वर्षी गळ्यातली गाठ काढली अन् तिच्यासंगं आवाजही गेला. गाठ साधी निघाली, घरच्याईनं पेढे वाटले. डॉक्टर म्हणे, आवाजाची नस कमजोर झाली, आता एवढाच राहीन. एवढाच म्हणजे किती? कुकरची शिटी खराब झाली का नुसती वाफ निघते ना, तेवढा. जो तो म्हणे, "जाऊ द्या, जीव तर वाचला." माय वं, त्या जिवाचं करू काय, ते एकही सांगत नव्हता.

पहिली ओळ माह्या देरानीकडं, धाकट्या जावेकडं, राखीकडं गेली. गोड गाते, शिकवलं मीच. मी मागं बसून टाळ कुटायची. टाळ काय, कोणीही कुटते.

मग एक दिवस मोबाइलवर पाहलं. एक माणूस पब्लिककडं पाठ करून उभा, तोंडात शब्द नाही, अन् समोरचे सारे लोक त्याच्या हातावर गाऊन राहिले. आवाजाचं कामच नाही! मी तो व्हिडिओ किती वेळा पाहला, विचारू नका. नागपूरले अश्विन सर शाळेच्या पोराईचं समूहगान बसवतात. दर रविवारी एसटीनं त्याईच्याकडं जाऊ लागली.

"काकू, हात खाली येतो तो ताल," सर म्हणाले. "पण त्याच्या आधी हात वर जातो, तो श्वास. तुम्ही घेतला की सगळ्यांनी घ्यायचा. फक्त त्यांनी तुमच्याकडे पाहिलं पाहिजे."

उन्हाळाभर आरशासमोर हात हलवले. खांदे भरून आले. आमच्या घरचे म्हणे, "माशा हाकलून राहिली का वं?" तोंडानं ओरडता येत नव्हतं, म्हणून लाटणं दाखवलं.

बायाईसमोर उभी राहिली तर मेल्या हसूनच पडल्या. "आली पा चौकातली पोलीस!" पण पवनीची भजन स्पर्धा जवळ आली होती. राखी म्हणाली, "बाई, तुम्हीच समोर उभ्या राहा. तुमच्या हातानंच गाऊ आपण." मी घरी जाऊन रडली. हे जमलं नाही तर मंडळात माहं काही काम नव्हतं, मले चांगलं माहीत होतं.

अन् जमलं ना! तालमीत हात वर केला का सगळ्याईची छाती फुगायची, खाली आणला का एकदम सूर. वाटे, माहाच आवाज परत आला, फक्त गळे दुसऱ्याईचे.

भानगड एकच. भजन रंगात आलं का आमच्या बाया डोळे मिटतात. लहानपणापासूनची सवय. "उघड्या डोळ्यानं देवाचं नाव घेववते का वं?" सत्यभामाबाई म्हणे. मी हात जोडले, फुसफुसत म्हणलं, माह्याकडं पाहा, बस. साऱ्याईनं कबूल केलं.

स्पर्धेत मी लोकाईकडं पाठ केली, हात वर केला. सगळ्याईनं माह्याबरोबर श्वास घेतला. काय उचललं गाणं! मले वाटलं, आता मेली तरी चालते.

दुसऱ्या कडव्याले सत्यभामाबाईचे डोळे मिटले. मग तिच्या बाजूचीचे. मी हात मोठे केले. मग एकेक करत साऱ्याईचे मिटत गेले, अन् गाणं चढतच गेलं. इतकं चांगलं त्या कधीच गायल्या नव्हत्या. शेवटी राखी उरली. मी तिच्याकडं पाहून राहिली, नको वं पोरी, नको. तिनंही मिटले.

मी हात खाली घेतले. पाहू म्हणलं.

कोणीच थांबलं नाही. ताल तसाच, सूर तसाच. मी त्याईच्यासमोर नुसती उभी, अन् मागं पूर्ण हॉल. मले धाय मोकलून रडावं वाटलं, पण त्यालेही आवाज लागते.

भजन संपायले आलं. राखीनं शेवटची ओळ लांबवली तशी मी घाईघाईनं दोन्ही हात परत वर नेले अन् तसेच धरून ठेवले.

सत्यभामाबाईनं डोळे उघडले. टाळ्या वाजून राहिल्या होत्या. राखी येऊन गळ्यात पडली. "पाहलं ना बाई? तुम्ही होत्या म्हणून जमलं!"

"हात दुखले असतील ना वं," सत्यभामाबाई म्हणाली.

मी मान हलवली, हो.