राहण्यास अयोग्य

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर मी तुम्हाला जुन्या टॉर्चसारखा वाटेन. पण माझ्या टोकाला दिवा नाही, दोन सुया आहेत. त्या भिंतीला टेकवल्या की आत किती ओल मुरली आहे, ते मी आकड्यात सांगतो. मी ओलमापक आहे आणि खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

कारखान्यातून मी एका संशोधक बाईंकडे आलो. लोक त्यांना मोजणीताई म्हणत. त्यांच्यासोबत असत अर्जदादा. भाडेकरूंसाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणं आणि नियम बदलून घेणं, हे त्यांचं काम. ताईंकडे पुरावा होता, दादांकडे चिकाटी. दोघांना मिळून बस आगारामागच्या चार मजली इमारतीची दुरुस्ती करून घ्यायची होती.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि त्यांची भाची राहायच्या. भाचीला बारा महिने खोकला. ताईंनी मला मावशींच्या हातात ठेवलं. "ही इमारत आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळते. मोजणी तुम्हीच करा."

"अहो, मी बाह्यांची न् गळ्याची मापं घेणारी! भिंतीचं माप कोण घेतं?" मावशी हसल्या.

पण त्यांनी घेतलं. चौदा महिने, दर पंधरवड्याला, बासष्ट खोल्यांमधून. परक्यांना दारातूनच वाटेला लावणारी माणसं मावशींसाठी कपाटं सरकवून द्यायची. "आल्या आमच्या डॉक्टरीणबाई!" म्हणून चिडवायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मी मावशींच्या कात्रीशेजारी झोपायचो.

आकडे ताडून पाहायला ताईंनी मला काही दिवस स्वतःकडे नेलं आणि अहवाल तयार झाला. ताईंनी लिहिलं होतं : "वेळीच दुरुस्ती केल्यास इमारत राहण्याजोगी आहे, न केल्यास ती राहण्यास अयोग्य ठरेल."

"कचेरीतले साहेब एका पानापुढे वाचत नाहीत," अर्जदादा म्हणाले. "आणि जर-तर दिसलं की फाईल बाजूला टाकतात. ठणकावून लिहायला हवं." त्यांनी वाक्य कापलं. उरलं एवढंच : इमारत राहण्यास अयोग्य.

"मावशींना एकदा दाखवूया का?" ताईंनी विचारलं.

"उद्या शेवटची तारीख आहे. त्या आपल्याच आहेत, नाही थोड्याच म्हणणार?"

ताईंनी घड्याळ पाहिलं आणि सही केली. तो कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर मलाच ठेवलं होतं. मला फक्त आकडे बोलता येतात, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या मोजणीसाठी मी मावशींकडे परतलो. अकराव्या दिवशी दुरुस्तीच्या हुकमाऐवजी इमारत रिकामी करण्याची नोटीस आली. इमारत रिकामी व्हायची वाटच पाहणाऱ्या मालकाचं आयतंच फावलं. नोटिशीला तेच एक पान जोडलेलं होतं आणि तळाशी छापलं होतं, मोजणी करणाऱ्या म्हणून मावशींचं नाव.

ज्यांनी कपाटं सरकवली, त्यांनीच आता दारं लावून घेतली. एक म्हातारे शेजारी जिन्यात म्हणाले, "आमच्या घरात येऊन तूच मोजलंस ना गं?"

ताई आणि दादा धावत आले. दादा म्हणाले, "मावशी, आपण अपील करू."

"कागदावर माझं नाव घातलंत," मावशी शांतपणे म्हणाल्या, "पण कागद मला दाखवला नाहीत."

दोघांनी माना खाली घातल्या. अपील फेटाळलं गेलं. पुरावा तुमचाच आहे, असं उत्तर मिळालं. पुढे ताई दादांना दोष देत राहिल्या, दादा ताईंना. बासष्ट बिऱ्हाडं वाट फुटेल तिकडे पांगली. मला परत न्यायची आठवण कुणालाच राहिली नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी एक यंत्र. पण मोठेपणी कुणाच्या घराविषयी चार ओळी लिहाल, तर त्या आधी त्याच घरात बसून वाचून दाखवा. घाई असली तरी दाखवा.

परवा मावशींनी नव्या खोलीच्या भिंतीला मला टेकवून पाहिलं. आकडा जुन्या घरापेक्षा मोठा आला. आतून भाची खोकत होती.

"मावशी, ताईंना कळवायचं का?" तिनं विचारलं.

मावशींनी माझ्यातला सेल काढून घेतला.

"नको गं," त्या म्हणाल्या, "हेही घर जाईल."