भट्टी बंद झाल्यावर

"बेन, भट्टी बंध थई गई," अणुभट्टीवरच्या इंजिनिअरचा फोन आला तेव्हा मुग्धा निजामपुऱ्यात भाजी घेत होती. ती पिशवी तशीच स्कूटरला अडकवून विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागात पोचली; यंत्राच्या नोंदी तिथल्या संगणकावर दिसत.

भट्टीतून निघणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण वाटेत रूप बदलतात, आणि बदललेला कण तिच्या यंत्राला दिसत नाही. मुग्धा आणि तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक जगदेवराव यांनी यंत्राचा कंटेनर आधी भट्टीलगत ठेवला, मग लांबच्या खोलीत. अंतर वाढल्याने नोंदी जितक्या घटायला हव्यात, त्याहूनही तिथे बऱ्याच जास्त घटल्या. न्यूट्रिनो वाटेत हरवत होते. जगदेवराव सरांनी परिषदेत तसं जाहीरही केलं. फक्त भट्टी बंद असतानाचं मोजमाप राहिलं होतं. यंत्र बसल्यापासून ती कधी थांबलीच नव्हती. आता नोंदी जवळजवळ शून्यावर यायला हव्या होत्या.

त्या आल्याच नाहीत. थोड्या उतरल्या आणि तिथेच राहिल्या.

तिने इंजिनिअरला पुन्हा फोन लावला. "नक्की बंद आहे ना?"

"मी आतच उभा आहे, बेन."

दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर गेली. तारा, व्होल्टेज, घड्याळ, सगळं तपासलं. शेवटी तिने कंटेनर पुन्हा भट्टीलगत ओढून घेतला. नोंदी वाढल्या. भट्टी थंड होती, तरी जवळ जास्त आणि लांब कमी. तिने वर पाहिलं. इथे डोक्यावर पत्रा होता. लांबच्या खोलीवर काँक्रीटचा जाड स्लॅब. आकाशातून पडणारे न्यूट्रॉन तो स्लॅब अडवत होता, आणि तेच न्यूट्रॉन ती आणि सर न्यूट्रिनो म्हणून मोजत आले होते. ती कंटेनरच्या पायरीवर बसली. तिला रडूही आलं नाही.

परतल्यावर ती जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात सरांच्या घरी गेली. सरांनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"गणिताने आपण हे वजा केलं होतं," ते म्हणाले.

"स्लॅब कमी जाडीचा धरला होता, सर. मी धरला होता."

"वजा करून काय उरतं?"

"काहीच सांगता येत नाही इतकं कमी."

"थोडं थांबू. भट्टी सुरू होऊ दे."

"सुरू झाली की हे पुन्हा झाकलं जाईल."

सरांनी आलेखाचा कागद उलटा ठेवला. ते या वर्षी निवृत्त होणार होते. दाराशी उभ्या असलेल्या सरांच्या पत्नी, स्नेहलताकाकूंनी, विचारलं, "म्हणजे ते कण नव्हतेच का गं?"

"होते, काकू. आम्हाला दिसले नाहीत."

"लिही," सर अचानक म्हणाले. निकाल मागे घेत असल्याचं परिषदेला द्यायचं पत्र त्यांनी सांगितलं, तिने टाइप केलं. पाठवायच्या वेळी त्यांनी हात मागे घेतला. "तूच पाठव. माझ्याने नाही होत."

तिने पाठवलं. सर आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

प्रकल्पाला पुढची मुदत मिळाली नाही. सर निवृत्त झाल्यावर मिळालेले नवे मार्गदर्शक म्हणाले, नवा विषय घ्या, अगदी पहिल्यापासून. तिचं वय विचारायचं त्यांनी टाळलं. नवरा, अनिश, म्हणाला, "सोडून दे, मुग्धा. कुठेतरी शिकव." ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन बसली. संगणक सुरू केला. समोर काय उघडायचं ते तिला सुचेना.