नुसता पंख

बाल्साच्या हलक्या लाकडाची फासळी त्याने खालच्या ओठावरून सावकाश फिरवली, मध्येच थांबला, त्या जागी सँडपेपरचा हलका हात मारला आणि ती पुन्हा ओठाला लावली.

"लहानपणी पेन्सिली चघळायचास, आता लाकूड चाखतोयस," ताई दारातूनच म्हणाली.

"बोटांना चुकतं ते ओठांना कळतं. बस ना. त्या खुर्चीवर नको, तिथे पंखाची डावी बाजू वाळतेय."

ताई उभीच राहिली. तिचा हा धाकटा भाऊ ड्राफ्ट्समन; उभी हयात केसाएवढ्या रेषा ओढण्यात गेलेली. पण गेल्या वर्षापासून त्याच्या नजरेचा मधलाच भाग विरत चालला होता. कडा शाबूत होत्या. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं धुक्यात जायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यात हा एकटा जीव. ताईने आपल्याकडची मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती आणि त्याच्यामागे भुणभुण लावली होती. शेवटी त्यानेच तोड काढली. रिमोटवर चालणारं एक ग्लायडर तो स्वतः आखेल, बांधेल, टेकडीवरून उडवेल आणि धड खाली उतरवेल. जमलं, तर ताईने त्या खोलीचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर तो मुकाट्याने सामान बांधेल.

"धड उतरवीन म्हणतोस," टेबलावरचा सांगाडा बघत ती म्हणाली, "पण याला धडच नाही. शेपूटही नाही."

तो हसला. "नुसता पंखच आहे हा. म्हणून तर अवघड. तोल सांभाळायला मागे कुणी नाही. जे काय करायचं ते पंखानेच."

मग तो सांगत राहिला. टोकांना किंचित पीळ द्यायचा, मागची कड जराशी उचललेली ठेवायची, नाकात शिसं भरायचं. बोलताना तो ताईकडे नाही, तिच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत होता. तसं बघितलं की ती त्याला दिसायची.

ताई भांडायला म्हणून यायची आणि कामाला लागायची. पंखावर चढवायची पातळ नारिंगी फिल्म इस्त्रीने तिनेच ताणली. ऊब लागली तशा सुरकुत्या विरघळून गेल्या, आणि खिडकीसमोर धरल्यावर आतल्या फासळ्या दिसल्या, उजेडात धरलेल्या पानाच्या शिरांसारख्या. त्याने पंख दोन बोटांच्या टोकांवर तोलला, नाकात शिशाचा आणखी एक कण घातला, पुन्हा तोलला. पंख डुलला, स्थिर झाला. ताईने नकळत श्वास रोखून धरला होता. आपण नक्की कुणाच्या बाजूने आहोत, हे तिचं तिलाच उमगेना.

टेकडीवर वारा खालून वर येत होता, अंगावरून हात फिरवावा तसा. गवत वाकत होतं, उठत होतं. त्याने रिमोट छातीशी धरला.

"ढकलू नकोस, ताई. नुसता सोड."

तिने सोडला. पंख क्षणभर खचला, मग वाऱ्याने त्याला उचलून घेतलं. आवाज नाही, घाई नाही. दरीवरून तो एक लांब वळण घेऊन परतला, त्यांच्या डोक्यावरून गेला, आणि त्याची सावली ताईच्या पदरावरून सरकली. धाकटा मान तिरपी करून आभाळाच्या कडेला बघत होता. चेहरा एखाद्या झोपलेल्या माणसासारखा निवांत. ताईला वाटलं, पायाखालची टेकडीसुद्धा सुटून हळूहळू वर चालली आहे.

कुठूनशी एक घार आली आणि पंखाबरोबर घिरट्या घालू लागली. उन्हाकडे बघताना दोन्ही सारखेच काळे. एकदा दोघे जवळून गेले आणि वेगळे झाले. एक वर चढत राहिला. दुसरा कलंडत, घसरत त्यांच्या मागे आला आणि दहाएक पावलांवर उंच गवतात अलगद बसला. नारिंगी रंग ताईने ओळखला.

धाकट्याची बोटं अजून रिमोटवर हलत होती. मान वरच होती.

"बघ कसा चढतोय," तो पुटपुटला. "आता डावीकडे घेतो."

घार डावीकडे वळली.

ताईने तोंड उघडलं. पंख आपला आपणच उतरला होता, त्याने उतरवला नव्हता; पैज तिने जिंकली होती. एक वाक्य पुरेसं होतं. तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"वळला?" त्याने विचारलं.

"वळला," ती म्हणाली.

बराच वेळ दोघंही तशीच उभी होती. मग वारा पडला. गवत थांबलं. आणि त्या शांततेत मागून बारीक आवाज आला, किर्र, किर्र. पंखाच्या कडा हलवणाऱ्या छोट्या मोटरींचा. त्याची बोटं थबकली. आवाज थांबला. त्याने एकच बोट डावीकडे सरकवलं. मागे गवतात किर्र झालं.

ताईने खाली मान घातली. तो रागावेल असं तिला वाटलं.

"कधी बसला?" त्याने विचारलं.

"झाला थोडा वेळ."

"मोडलाय?"

"नाही रे. पाखरासारखा बसलाय."

त्याने रिमोट बंद केला. मागे वळला नाही.

"त्या मागच्या खोलीत ऊन येतं का गं?"

"सकाळचं येतं," ताई म्हणाली. "सकाळी भरपूर येतं. टेबल खिडकीपाशीच लावू."

तो मानेनेच हो म्हणाला. नजर अजून वरच होती, आभाळाच्या कडेला.

"मग वर कोण आहे?"

"घार."

"काय करतेय?"

ताई त्याच्या शेजारी सरकली, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि जे दिसत होतं ते सावकाश सांगू लागली.