गळ्यातली महेश्वरी

काव्याला पहिल्यांदा 'महेश्वरी' अशी हाक ऐकू आली ती स्वतःच्याच लग्नाच्या पंगतीत. तिनं ती हसण्यावारी नेली.

तिच्या नवऱ्याची, नंदीशची, पहिली बायको महेश्वरी तापानं गेली होती. दुसरेपणावर आलेल्या बायकोनं आधीच्या बायकोचा टाक, म्हणजे चेहरा ठसवलेला चांदीचा छोटा पत्रा, गळ्यात घालायचा, ही घरची रीत. नवी साडी आधी टाकाला लावायची, पहिला घास टाकाला दाखवायचा. मग सवत कोपत नाही. काव्यानं ते मान्य केलं. मेलेल्या बाईचा एवढा मान राखायला तिची हरकत नव्हती.

जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये मात्र हा मान वाढत गेला. सासू कमलम्मा बोलताना काव्याच्या डोळ्यांकडं बघत नसे, टाकाकडं बघे. "महेश्वरीला वांगं चालत न्हाय," म्हणून वांगं बंद झालं. "शेवंतीनं तिचं डोकं दुखतं," म्हणून गजरा बंद झाला. नंदीश म्हणायचा, "आईचं मन राख की. तुझं काय जातंय?"

एकदा भाकरी थापता थापता कमलम्मानं विचारलं, "लहानपणी चिंचेवरून पडलीस, आठवतंय का? उजव्या गुडघ्यावर वण हाय बघ."

काव्यानं न्हाणीघराचं दार लावून गुडघा पाहिला. वण होता. तो कधी झाला, ते तिला आठवेना. त्यानंतर तिला चिंच आठवू लागली. फांदीचा खरखरीत स्पर्श, खाली कुणाची तरी किंकाळी, तोंडात माती.

ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. आधी पेशंटला नाव विचारायचं, नळीवर लिहायचं, मग सुई. एका सोमवारी एका म्हाताऱ्याच्या नळीवर तिनं 'महेश्वरी' लिहिलं. शेजारच्या मुलीचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. काव्यानं ती नळी टाकून दिली, म्हाताऱ्याची माफी मागून पुन्हा रक्त घेतलं, रजा टाकली आणि स्टँडवरून वैरागची एस.टी. धरली. महेश्वरीचं माहेर तिथं होतं.

महेश्वरीची आई नागव्वा अंगणात तूर पाखडत होती. टाक दिसला तसं तिचं सूप थांबलं.

"पोरीला घिऊन आलीस व्हय?"

"मावशी, तुमचं चिंचेचं झाड कुठंय?"

"चिंच? आमच्या दारात बाभूळ बी न्हाय."

"महेश्वरी लहानपणी पडली होती ना झाडावरून?"

"ती? अगं, जिना चढताना देवाचं नाव घ्यायची माझी पोर. ती कशाला झाडावर चढती."

"आणि वांगं?"

"भरीत दिसलं की आईला विकलं असतं तिनं." नागव्वा हसली आणि हसता हसताच तिनं पदरानं डोळे पुसले. मग काव्याला नीट निरखून म्हणाली, "तुझं नाव काय गं?"

काव्याच्या जिभेवर दुसरंच नाव आलं होतं. सुपातल्या तुरीकडं बघत तिनं ते गिळलं.

"काव्या."

"मोठ्यानं सांग. मला कमी ऐकू येतं."

"काव्या." या वेळी शेजारची बाई दारात आली.

काव्यानं टाक उतरवून नागव्वाच्या हातावर ठेवला. नागव्वानं तो गालाला लावला. "ऱ्हाऊ दे हितं. तितं एकटी पडली हुती."

परतीच्या गाडीत गुडघ्याचा वण आपसूक आठवला. अक्कलकोटात मामाच्या लुनावरून ती पडली होती आणि घरी सांगू नको म्हणून मामानं आईस्क्रीम दिलं होतं. खिडकीशी बसून ती एकटीच हसली.

दार कमलम्मानं उघडलं. सुनेचा मोकळा गळा बघून तिनं भिंत धरली.

"महेश्वरी कुटं हाय? आता ती घर खाईल."

"ती आईकडं गेली, आत्ती. मजेत आहे. चिंचेवरून कोण पडलं होतं?"

कमलम्मा भिंतीच्या आधारानं खाली बसली.

"वांगं कुणाला चालत नव्हतं?"

कमलम्माचा हात स्वतःच्या पदराखाली गेला. काळ्या दोऱ्यात ओवलेला, नाक-डोळे झिजून गेलेला एक टाक बाहेर आला. कमलम्मासुद्धा दुसरेपणावरच आली होती. हे काव्याला या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

"गंगव्वाला," कमलम्मा म्हणाली. "माझ्या सवतीला. सासूनं मला रोज तसंच सांगितलं. ऐकून ऐकून मीच पडले चिंचेवरून. तुला दुसरं काय सांगणार? मला तेवढंच येतं."

काव्याचा राग गेला नव्हता. तरी तिनं शिवणाच्या डब्यातली कात्री आणली. "कापू?"

"आन् मेले तर?"

"मी आहे की. नाडी बघते."

तिनं खरोखरच सासूचं मनगट धरलं. मोकळ्या हातानं कमलम्मानं कात्री स्वतःकडं घेतली. घामानं कडक झालेला दोरा लवकर तुटेना. मग टाक तिच्या मांडीवर पडला. नाडी पळत होती, पळत राहिली आणि हळूहळू संथ झाली. कमलम्मानं मान एकदा डावीकडं फिरवली, एकदा उजवीकडं.

"हलकं लागतंय की गं, काव्या," ती म्हणाली.

संध्याकाळी नंदीश आला. दोघींचे गळे बघून पिशवी हातातच धरून उभा राहिला. "हे काय केलंत? मला विचारलं पण नाही."

"न्हाय विचारलं," कमलम्मा म्हणाली. "हात धू आन् ताटं घे तिघांची."