गळ्यापासून दोन बोटे

मित्रांनो, मी एक जुना सूट आहे. खरे तर आता नुसता कोटच उरलो आहे. माझी पँट कुठल्या गठ्ठ्यात गेली ते तिचे तिलाच ठाऊक. भाड्याने कपडे देणाऱ्या एका दुकानात मी दांडीवर टांगलेला असतो. माझ्या शेजारी एक चकचकीत कोट आहे, तो स्वतःला फार शहाणा समजतो. लोक मला टाय लावून घालतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी घामासकट परत आणून देतात. सांगून कोणाला पटणार नाही, पण मला टायशिवाय घालण्यासाठीच शिवले होते. टाय लावला असता तर माझ्या धन्याचा श्वास कोंडला असता.

माझे धनी भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. सगळे त्यांना भोंगा म्हणत. त्यांनी आवाज लावला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला डुलक्या घेणारे हमाल दचकून उठत. बोली संपली की ते बोटांच्या पेरांनी फळीवर तीनदा ठोकायचे. एक वार, दोन वार, तीन वार. मग माल कोणाचा यावर वाद नाही. घरी बायको आणि एकुलती एक लेक होती. ती शाळेत जायला लागली तेव्हाच त्यांनी तिला सांगून ठेवले होते की, तुला पदवी मिळेल त्या दिवशी भर सभेत तुझे नाव असे पुकारीन की छप्पर हलेल. लेक लाजायची आणि म्हणायची की तिथे असे ओरडत नाहीत.

पुढे त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाजाची पेटी काढावी लागली. श्वासासाठी गळ्याच्या खळगीत शर्टाच्या बटणाएवढे एक भोक ठेवले. त्या दिवसापासून भोंगा गप्प झाला. गळ्याभोवती पंचा गुंडाळून ते घरात बसून राहू लागले. एकदा बसमध्ये पंचा सरकला आणि शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. तेव्हापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. काही सांगायचे असले की ते पाटीवर लिहायचे आणि लगेच पुसून टाकायचे.

अशात लेक पदवीधर झाली. समारंभाचे आमंत्रण आले. भोंगांनी पाटीवर लिहिले, तुम्ही दोघी जा. लेकीने पाटी वाचली आणि शांतपणे म्हणाली, “तुम्ही येणार नसाल तर पदवी टपालाने मागवते.” तिने ते खरे केले असते. ती बापाच्याच वळणाची होती.

म्हणून त्यांची बायको त्यांना हाताला धरून सूट शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानात घेऊन आली. मास्तर तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तयार सूट वहिनींनी आधीच पाहिले होते. गळा उघडा ठेवला तर भोक दिसायचे, आणि बटण लावून टाय बांधला तर हवा बंद व्हायची. म्हणजे अंगावर बेतूनच शिवायला हवा होता, आणि दवाखान्याने तर घर धुऊन नेले होते. वहिनींनी हे सगळे न लाजता सांगितले.

मास्तर म्हणजे जमदग्नी. नाकावर चष्मा आणि चष्म्यावर राग. त्यांचे नाव होते ते कॉलरीसाठी. मास्तरांची कॉलर मानेला अशी बसायची की मान हलली तरी ती हलायची नाही. सवयीने त्यांनी टेप उचलली आणि भोंगांच्या गळ्याभोवती घातली. भोंगा एकदम मागे झाले. डोळे विस्फारले, हात हवेत गेले, छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. मास्तरांच्या हातून टेप गळून पडली. मग त्यांनी भोंगांना खुर्चीवर बसवले आणि पंख्याचा वेग वाढवला.

मित्रांनो, माझा जन्म असा झाला. मास्तरांनी तपकिरी कागदावर मला कापले, फाडले, पुन्हा कापले. स्वस्तात बसावा म्हणून त्यांनी ताग्याचा उरलेला तुकडा निवडला. त्यात विणीची एक फिकट रेघ होती. ती त्यांनी आतल्या बाजूला, खिशाखाली दडवली. अस्तर फक्त खांद्यांना लावले. बटणे डब्यातली, शोधून शोधून एकासारखी एक. पण खरी गोष्ट गळ्याची होती. मास्तरांनी माझी बटणे वरपर्यंत नेली आणि कॉलर पुढून उभी केली, गळ्यापासून दोन बोटे लांब. त्या फटीत मलमलीची एक सैल घडी बसवली, म्हणजे भोक दिसणार नाही आणि हवा येत राहील. नव्या मलमलीचा तंतू आत गेला आणि भोंगांना ठसका लागला. तेव्हा वहिनींनी लेकीचे तान्हेपणीचे मलमलीचे दुपटे आणून दिले. धुऊन धुऊन ते इतके मऊ झाले होते की त्याचा एक तंतू सुटत नव्हता.

पूर्ण शिवून झाल्यावर मला अंगावर चढवले तेव्हा मास्तरांनी दोऱ्याचा एक तुकडा माझ्या कॉलरीपुढे धरला. दोरा आत ओढला गेला, बाहेर उडाला, पुन्हा आत गेला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. मास्तर मात्र लांब जाऊन माझ्याकडे पाहू लागले आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

“वहिनी, कोट देतो, पण दुकानाच्या नावाची पट्टी आत लावणार नाही,” ते म्हणाले. “गळा सोडून उभी राहिलेली कॉलर बघितली तर लोक म्हणतील, मास्तरांचा हात गेला.”

“नका लावू,” वहिनी म्हणाल्या. “यांना श्वास घेता येतोय, मला तेवढं पुरे.”

तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. नावाच्या पट्टीवाचून माझे काय अडणार होते?

समारंभाच्या दिवशी आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. आजूबाजूला सगळे टायवाले. एका गृहस्थाने वाकून वहिनींना विचारले की हा नवा कट कुठला, फार रुबाबदार दिसतो. वहिनी नुसत्या हसल्या. मग मंचावरून लेकीचे नाव पुकारले गेले. टाळ्या झाल्या, विरल्या. भोंगांनी तोंड उघडले. माझ्या कॉलरीतून फक्त वारा बाहेर आला. मला वाटले, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांनी बोटांची पेरे वळली आणि खुर्चीच्या लाकडी हातावर तीनदा ठोकले. सभागृह शांत होते. लेक मंचावरच थांबली. तिने वळून पाहिले, आणि सगळ्यांसमोर ती रडू लागली. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या अंगावर पडलेल्या डागांपैकी भोंगांच्या डोळ्यांतून पडलेला तो एक डाग मला कधी नकोसा झाला नाही.

त्यानंतर ते बाहेर पडू लागले. मला घालून बाजारात गेले तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांना फळीपाशी नेले आणि त्या दिवशीचा शेवटचा लिलाव त्यांच्याकडून ठोकून घेतला. मास्तरांनीही आम्हाला एकदा रस्त्यात पाहिले. लोक कोटाचे कौतुक करत होते. ते ऐकून मास्तर घुटमळले आणि वहिनींना म्हणाले की सवडीने कोट आणा, पट्टी लावून देतो. वहिनी हो म्हणाल्या. पण पुढच्याच महिन्यात दुखणे उलटले. भोंगा पुन्हा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

मी कपाटात गेलो. वहिनी अधूनमधून दार उघडायच्या आणि माझ्या कॉलरीत दोन बोटे घालून ती सरळ करायच्या. लेक माहेरी आली आणि तिने मला पाहिले की तिला रडू आवरायचे नाही. म्हणून वहिनींनी मला पार मागे ढकलले. काही वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या लेकीकडे राहायला निघाल्या. घर रिकामे करताना, लेकीला पुन्हा त्रास नको म्हणून, त्यांनी मला जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात बांधले. बांधण्याआधी त्यांनी माझ्या कॉलरीत पुन्हा दोन बोटे घातली, मग गाठ मारली.

या दुकानदाराने मला गठ्ठ्यातून उचलले आणि आपल्या कारागिरापुढे टाकले. माझी कॉलर पाहून कारागीर हसला. म्हणाला, कोणीतरी शिकाऊ हाताने कापलाय. त्याने आत पट्टी शोधली. पट्टी असती तर त्याने निदान मास्तरांचे नाव वाचून हात आवरता घेतला असता. त्याने माझा गळा उसवला आणि नवी कॉलर बसवली, मानेला चिकटून बसणारी. काम चोख होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुपट्याच्या मलमलीने त्याने मशीनचे तेल पुसले.

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हते. तेवढ्यात फळीवर तीनदा ठक्‌ ठक्‌ ठक्‌ झाले. माझी शिवण न् शिवण ताठ झाली. ती लेकच होती, केसांत आता पांढरे आलेले. दुकानदार आतून आला. तिने सांगितले की आईने मला न विचारता बाबांचा कोट देऊन टाकला, मी सगळी दुकाने पालथी घालते आहे.

“कॉलर गळ्यापासून दोन बोटं लांब, आत मलमल,” ती म्हणाली. “असा दुसरा कोट नसेल.”

“पट्टी कुठल्या दुकानाची?” त्याने विचारले.

“पट्टी नव्हती.”

मग ती दांडीपाशी आली आणि एकेक कॉलर पाहू लागली. माझीही पाहिली. ती मानेला नीट बसणारी होती. तिने माझी बाही बाजूला सारली आणि पुढचा कोट पाहिला. खिशाखालची फिकट रेघ अजून आहे, पण तिथे कोण कशाला पाहील?

मित्रांनो, एखादी वस्तू तुम्हाला वाकडी वाटली, तर ती सरळ करण्याआधी एकदा विचारा की ती कोणासाठी तशी केली होती. आणि आपल्या हातचे काम जगाला विचित्र दिसले तरी त्यावर आपले नाव लावा.

असा कोट आला की लगेच कळवीन, असे दुकानदाराने तिला सांगितले आहे. तो शब्दाचा पक्का आहे. पण असा कोट आता येणार नाही.