मान सरळ ठेवा

मित्रांनो, मोनालीचं लग्न झालं ते साल २०२३. तिचे वडील पुंडलिकराव जबलपूरला रांझीत राहायचे. मी त्यांच्या उजव्या डोळ्यातला एक जुना स्नायू.

एकेका डोळ्याला आम्ही सहा जण असतो. त्यांत माझी वाट सगळ्यांत वळणाची. खोबणीच्या मागून मी निघतो, नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यात एका इवल्या कडीतून ओवला जातो आणि तिथून मागे वळून डोळ्याला वरून चिकटतो. विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तसा. मी आखडलो की डोळा खाली झुकतो. ताट, पायरी, पुस्तक पाहणं हे माझं काम. पुंडलिकराव कारखान्यात लागल्यावर, चाळिशीत अक्षरं शिकले. त्यांचं बोट ओळीखालून सरकायचं आणि मी त्यामागे. ते माझे सुखाचे दिवस.

मला हुकूम आणणारी नस फार बारीक, फार लांबून येणारी. डोक्याला हिसका बसला की ती दुखावते. लग्नाच्या पत्रिका वाटताना खमरियाच्या रस्त्यावर पुंडलिकराव स्कूटरवरून पडले. हेल्मेट हँडलला लटकत होतं. रक्त आलं नाही. ते कपडे झटकून हसले. मला मात्र हुकूम येणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना एकावर एक अशी दोन ताटं दिसली. मान डाव्या खांद्याकडे कलली की दोन्हींचं एक व्हायचं. मग ते मान कलतीच ठेवू लागले. कोणाला बोलले नाहीत. घरात लग्न होतं.

"काहून हो, मान वाकडी करून राहिले?" त्यांच्या पत्नी लतिकाबाईंनी विचारलं.

"लचकली असंल."

"व्याही म्हणतील, हा माणूस भिंतीले कान लावून राहिला!"

"चलो, पोरीचं होऊन जाऊ दे. मग पाहू."

तेल झालं, मिठाचा शेक झाला. मान होती तशीच राहिली.

कन्यादानाला मुलीच्या हातांवर पाणी सोडायचं होतं. फोटोवाला ओरडला, "अंकल जी, गर्दन सीधी!" त्यांनी मान सरळ केली. खाली मोनालीचे मेंदीचे हात होते, त्यांच्यावर तसेच आणखी हात. पाणी बाजूला, पाटावर सांडलं.

"हातावर सोडा, हातावर," भटजी म्हणाले.

"बापाचं काळीज हो! डोळे भरून आले," बायका हळहळल्या आणि पदराने स्वतःचे डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, पुंडलिकरावांचे डोळे कोरडे होते. हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं.

सासरी निघण्याआधी मोनालीने औषधाच्या दुकानातून मानेचा पट्टा मागवला आणि आपल्या हाताने बांधला. "बाबा, मैं आऊंगी तब तक निकालना नहीं. मान सरळ ठेवा."

"बरं, बेटा."

कलती मान हीच त्यांची काठी होती. ती लेकीने प्रेमाने काढून घेतली. आता हनुवटीही खाली जाईना. जिन्यात प्रत्येक पायरीवर दुसरी पायरी तरंगायची. ते एक डोळा मिटून, भिंत चाचपत उतरायचे. पट्टा सोडला नाही. शब्द दिला होता.

रविवारी मोनाली पहिल्यांदा माहेरी आली. खाली ऑटो थांबला.

"बाबा!"

पुंडलिकराव दुसऱ्या मजल्यावरून घाईने निघाले. डोळा मिटायचं विसरले. वरची पायरी खरी की खालची? मी हुकमाची वाट पाहत होतो. त्यांनी पाय टाकला तिथे काही नव्हतं.

मित्रांनो, हेल्मेट डोक्यावर घाला. आणि घरातलं कोणी एकाएकी मान कलती करून पाहू लागलं तर हसू नका, ती सरळ करायला धावू नका. आधी विचारा, "एकाचे दोन दिसतात का?" हो म्हटलं तर लग्नकार्य असो की सण, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

रविवार, २६ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी पुंडलिकराव जिन्यात पडून वारले. त्यांच्याबरोबर मीही.